भाडेकरूची भिंत

भाड्याचं घर बघायला गेलं की मालक आधी भिंत दाखवतो. "नवा रंग दिलाय बरं का! खिळा ठोकायचा नाही, काही चिकटवायचं नाही." तुम्ही-आम्ही सगळ्यांनी हे ऐकलं आहे आणि मान हलवून 'हो' म्हटलं आहे. त्यात गैर तरी काय? ज्याचं घर त्याला काळजी असणारच. पण याच साध्या वाक्याच्या आड माणूस किती कोडगा होऊ शकतो, ते धाराशिवच्या सांजा रस्त्याला राहणाऱ्या महेश्वरीला विचारा.

महेश्वरीचा नवरा विरेश एसटीत कंडक्टर. दोन दिवस घरी, दोन दिवस मुक्कामी गाडीवर. त्यांना पाच वर्षांची एकच मुलगी, सृष्टी. ही पोर जन्मापासून कानानं अधू होती, आणि ते कळायलाच घरच्यांना साडेतीन वर्षं लागली. "आमच्याकडं मुलं उशिरानंच बोलतात," असं म्हणत सगळे थांबले होते. शेवटी सोलापूरला तपासणी झाली, दोन्ही कानांना मशीन बसलं, आणि सृष्टीनं आयुष्यात पहिल्यांदा कुकरची शिट्टी ऐकली.

मग घर शोधायची वेळ आली. पहिल्या मालकानं भाडं वगैरे सगळं ठरवलं आणि सृष्टीच्या कानाकडं बघून म्हणाला, "मुकी हाय का? अशी पोरं लई आरडाओरडा करत्यात. बाकीच्या भाडेकरूंना तरास व्हतो." दुसऱ्या घरची बाई तर त्याहून वरताण निघाली. म्हणाली, "आमच्या सुनेला दिवस गेलेत. रोज उठून असं समोर नको."

असं समोर नको! पाच वर्षांच्या लेकराविषयी हे बोलताना त्या बाईची जीभ अडखळली नाही. हातातला चहाचा कपसुद्धा हलला नाही.

तिसरं घर बघायला निघताना महेश्वरीनं सृष्टीचे केस मोकळे सोडले, कानांवरून नीट विंचरले आणि तिला कडेवर घेऊन उभी राहिली. या घराचे मालक होते उत्तरेश्वरराव. खता-बियाण्याचं दुकान, तीन मजली नवी इमारत, तळमजल्यावर ते स्वतः राहायचे. त्यांनी मुलीकडं पाहिलंही नाही. त्यांनी भिंत दाखवली.

"आधीचे भाडेकरू पोलिसातले होते. जाताना बघतो तर भिंतीला सत्तावीस भोकं! म्या मोजली ना. पलंगामागं तेलाचे डाग, न्हाणीत फरशीला भेग. तवापासून आपला नियम पक्का. खिळा न्हाय, चिकटपट्टी न्हाय."

महेश्वरीनं मान हलवली. पहिल्या मजल्यावरचं घर मिळालं.

सोलापूरला बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या. दर बुधवारी महेश्वरी एसटीनं मुलीला घेऊन जायची. बाईंनी पहिल्याच महिन्यात बजावलं, "आठवड्यातून माझ्याकडं एक तास. उरलेले सगळे तास तुमच्याकडं. घर हीच हिची शाळा. जिथं वस्तू तिथं चित्र, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. चित्र दाखवा, शब्द बोला, तिच्याकडून बोलून घ्या. आधीच उशीर झालाय. एक दिवस वाया घालवू नका."

महेश्वरी घरी आली, जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली. माठ, भाकरी, चप्पल, दार, पंखा, मांजर. खाली मोठ्या अक्षरात नावं. चित्रं सुबक होती असं नाही. तिचं मांजर सशासारखं दिसायचं. तिनं ती सेलोटेपनं भिंतींवर लावली. नियम तिला आठवत नव्हता असं नाही. पण टेपनं काय होतंय, असं तिला वाटलं. तीन आठवड्यांत घर चित्रांनी भरून गेलं, आणि एका सकाळी सृष्टी माठाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "पा...णी."

महेश्वरी ओट्याशी उभी होती. पिठाचे हात न धुताच तिनं फोन उचलला. विरेशला फोन लावला तेव्हा तो गाडीत तिकिटं देत होता. "परत म्हणायला लाव," तो ओरडला, आणि सगळी गाडी त्याच्याकडं बघायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी उत्तरेश्वरराव वरच्या टाकीचा नळ बघून उतरताना सहज दारात डोकावले, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे काय लावलंय? घर हाय का बालवाडी?"

"काका, ते मुलीसाठी..."

"मुलीला शाळेत घाला! काय सांगितलं होतं म्या?" बोलता बोलता त्यांनी एक चित्र धरून ओढलं. टेपबरोबर डिस्टेंपरचा पापुद्रा निघाला, आतली पांढरी लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, उघडी पडली. मग त्यांचा तोल गेला. त्यांनी दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. "बघा! बघा काय केलंय भिंतीचं!"

सृष्टी आतल्या खोलीत झोपली होती, एवढंच नशीब. तुमच्या मुलीचे शब्द कुणी असे भिंतीवरून ओरबाडले असते, तर तुम्ही काय केलं असतं? पण सांगायचं कसं? खरं सांगावं तर हेही घर जायचं. तिनं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. अन्यायाची हीच तर खुबी आहे, जो सोसतो त्यालाच तोंड लपवायला लावतो!

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वररावांनी नुकसान बघायला मिस्त्री पाठवला. बलभीम मिस्त्री जवळच्या बेंबळी गावचे, साठीचे. ही इमारत त्यांनीच बांधलेली, आणि सध्या खाली कंपाऊंडचं काम त्यांच्याकडंच होतं. ते आले तेव्हा महेश्वरी हातोडी घेऊन उभी होती. शेजारी खिळ्यांचा पुडा होता.

"काय चाललंय ताई?"

"खिळे ठोकतेय. टेप लावली तरी चोर, खिळा मारला तरी चोर. मग खिळेच मारते! सांगा जाऊन मालकाला."

मिस्त्रींनी तिला अडवलं नाही. ते भिंतीपाशी गेले, निघालेल्या रंगावरून बोट फिरवलं. मग खाली पडलेलं चित्र उचललं. त्याच वेळी सृष्टी आतून आली. सकाळीच न्हाऊन तिची वेणी घातलेली होती. तिच्या कानांवरचं मशीन त्यांना दिसलं, आणि त्यांनी चित्र हळूच तिच्याकडं वळवलं.

"मां...ज," सृष्टी म्हणाली.

"व्हय बाळ, मांजर," मिस्त्री म्हणाले. मग महेश्वरीकडं वळले. "मालकाला सांगितलं का, हे कशासाठी लावलंय ते?"

"त्यांनी विचारलं कुठं? आणि सांगून काय होतं ते मी दोन घरी बघितलंय." तिनं दोन्ही घरांचं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं नाही, संतापच आला.

मिस्त्री खाली बसले. "ताई, तुमचा राग खरा हाय. तसल्या माणसांच्या दारात उभं राहू नये. पर एक इचारू? तुमी इथून गेल्यावर ह्या घरात कोण येणार?"

"मला काय ठाऊक?"

"मला बी ठाऊक न्हाय. पर कुणीतरी येणार. तुमच्यावानीच एखादी ताई. त्या पोलिसानं सत्तावीस भोकं पाडली, अन् त्याच्या भोकांची शिक्षा तुमी भोगताय. न्हाय का? आता तुमी रागानं खिळा मारला, तर तुमच्या खिळ्याची शिक्षा तिला. हे असं चालत राहतं. कुणीतरी हातोडी खाली ठेवावी लागती."

"म्हणजे मी गप्प बसायचं?"

"गप बसा म्हणतच न्हाय म्या! पोरीचा शब्द एक दिवस बी थांबायला नको. पर भिंतीला हात न लावता घर सजतं. चाळीस वर्सं भिंती बांधतोय, एवढं तर मला कळतं."

आणि त्यांनी दाखवलं. समोरासमोरच्या दोन खिडक्यांना लोखंडी गज होते. एका खिडकीच्या गजापासून दुसरीच्या गजापर्यंत सृष्टीच्या डोळ्यांच्या उंचीवर दोरी ताणली, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर चित्रं लटकली. दाराच्या कड्यांना सुतळी बांधून दाराची मागची बाजू भरली. आपल्या कामावरची एक जुनी लहान शिडी त्यांनी धुऊन आणली, पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले आणि ती कोपऱ्यात टेकवून ठेवली. पायऱ्या-पायऱ्यांवर भांडी, फळं, भाज्यांची चित्रं बसली. पडद्याचा पाइप आधीपासून होता. त्यावर महेश्वरीनं जुन्या इरकल लुगड्याचा पडदा टाकला आणि त्याला चित्रांपुरते खिसे शिवले. जी चित्रं अजून भिंतीवर होती, त्यांच्या टेपवर मिस्त्रींनी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं धरलं आणि खालच्या बाजूला सावकाश सोडवली. रंगाचा कणही निघाला नाही.

"ओढलं की रंग येतो," ते म्हणाले. "घाई कुणाची बी असो, नुकसान भिंतीचंच."

उघड्या पडलेल्या तीन जागा महेश्वरीनं मिस्त्रींकडून शिकून स्वतः भरल्या. लांबी लावली, पॉलिश पेपरनं घासली, रंगाचे दोन हात दिले. तिला वाटलं होतं तेवढं ते कमीपणाचं वाटलं नाही. चूक तिची होती तेवढी तिनं दुरुस्त केली. उत्तरेश्वररावांनी येऊन पाहिलं, "हं," म्हणाले आणि गेले. दोरीवरच्या चित्रांना नाव ठेवायला जागाच नव्हती.

दोन महिन्यांत सृष्टीचे चाळीस शब्द झाले. अर्धे मोडके होते, पण होते. सोलापूरच्या बाईंनी तिला आणखी एक शिकवलं, आवाज आला की कानाला बोट लावायचं आणि म्हणायचं, "आवाज!"

आणि मग आला रणधीरचा वाढदिवस.

रणधीर हा उत्तरेश्वररावांचा पुतण्या. वय अठ्ठावीस, नावापुढं 'भावी नगरसेवक'. त्याच्या शुभेच्छांचा वीस फुटी फ्लेक्स लावायला सांजा रस्त्यावर काकांच्या इमारतीइतकी मोक्याची जागा दुसरी कुठली? शनिवारी सकाळी शिडी लागली, दोन माणसं चढली, आणि महेश्वरीच्या खोलीच्या भिंतीला बाहेरून ड्रिल लागलं.

सगळं घर थरथरलं. सृष्टी खेळणं टाकून उभी राहिली, डोळे मोठे करून भिंतीकडं बघत. मग तिनं कानाला बोट लावलं आणि ओरडली, "आवाज! आवाज!"

तेवढ्यात ड्रिल भिंतीतून आरपार आलं. परातीएवढा गिलावा निखळून आत कोसळला. दोरी खिडकीशी तुटली, चित्रं विटांच्या चुऱ्याखाली गेली. सृष्टी दोन पावलं अलीकडं होती. दोनच पावलं!

महेश्वरीनं तिला उचललं आणि गॅलरीत धावली. "थांबवा ते! माझ्या लेकराच्या डोक्यात पडलं असतं!"

तिथून अजून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. फ्लेक्सची चौकट तिच्या खिडकीवर आडवी येत होती. भर दुपारी घरात दिवा लावावा लागला असता.

आरडाओरडा ऐकून उत्तरेश्वरराव वर खोलीत आले, तशी महेश्वरी आत वळली. त्यांच्या मागोमाग कंपाऊंडवरून बलभीम मिस्त्रीही आले.

"काय झालं एवढं? आठ दिवसांचा प्रश्न हाय. वाढदिवस झाला की काढतील."

"आठ दिवस?" महेश्वरीचा आवाज आज पहिल्यांदा चढला. "काका, माझ्या टेपनं टिकलीएवढा रंग निघाला तर तुम्ही माझ्या घरात शिरून कागद फाडलेत. मी चूक कबूल केली, भिंत भरून दिली. आज बोटभर जाडीचे बोल्ट आरपार जातायत, त्याचं काय? माझ्या मुलीच्या मांजराला तुमच्या भिंतीवर जागा नाही, आणि पुतण्याच्या थोबाडाला वीस फूट जागा?"

"तोंड सांभाळून! भिंत माझी हाय! म्या भोक पाडीन न्हायतर पाडून टाकीन, तुमी इचारणाऱ्या कोण? भाडेकरू हाय तुमी, भाडेकरू! पटत नसंल तर घर खाली करा! आजच्या आज करा!"

ते ओरडतच राहिले. आणि महेश्वरीच्या कडेवरच्या सृष्टीनं दोन्ही हात वर नेले, एका कानावरचं मशीन काढलं, मग दुसऱ्या कानावरचं, आणि दोन्ही आईच्या हातात ठेवून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

उत्तरेश्वररावांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. "हे... हे काय हाय?"

"कानाचं मशीन," महेश्वरी म्हणाली. "तिला ऐकू येत नाही. ही चित्रं शोभेची नव्हती काका. त्यांच्यावरून ती बोलायला शिकतेय."

मग मिस्त्री बोलले, आणि चाळीस वर्षं मालकांपुढं मान लववलेला तो माणूस या वेळी मान ताठ ठेवून बोलला.

"मालक, म्या खालून ऐकत होतो. ड्रिल चालू होतं तवा पोर 'आवाज, आवाज' करून हाका मारत होती. ड्रिलसाठी तिनं मशीन काढलं न्हाय. तुमी बोलायला लागलात, तवा काढलं."

उत्तरेश्वरराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "घर घेताना सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर दिलं असतं?"

त्यांनी तोंड उघडलं. 'दिलं असतं' म्हणायला दोन शब्द लागतात. ते दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर आले नाहीत. खोटं बोलवेना, एवढा मात्र तो माणूस सच्चा होता.

"ही भिंत चार इंची हाय, मालक," मिस्त्री पुढं म्हणाले. "हिच्यात एवढा लांब बोल्ट मारायचा नसतो, हे कुणीबी सांगितलं असतं. पर इचारलं कुणी? घर तुमचं हाय, कबूल. कागद तुमच्या नावाचा हाय. पर भिंतीची आतली बाजू ह्या माऊलीची हाय, जोवर ती इथं राहती तोवर. तिनं तुमची बाजू जपली. तुमी तिची जपली का?"

उत्तरेश्वरराव गॅलरीत गेले. शिडीवरच्या माणसांना म्हणाले, "काढा रे ते."

"पण रणधीरभैय्यांनी..."

"भैय्याला सांगा, काका न्हाय म्हणाले. काढा! अन् ती चौकट परत ह्या इमारतीला लागता कामा नये."

रणधीर संध्याकाळी तणतणत आला. "एका भाडेकरणीसाठी घरच्या माणसाचा अपमान?" त्याचा आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला. उत्तरेश्वररावांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि एवढंच म्हणाले, "तुझ्या चौकटीचा गिलावा पोरीच्या अंगावर पडला असता, तर उद्या कुणाच्या तोंडानं मतं मागितली असतीस?" रणधीर पाणी न पिताच उठून गेला. नंतर वर्षभर काकांच्या घरी आला नाही. सगळ्यांचीच मनं एका दिवसात पालटत नाहीत, आणि पालटतात असं सांगणंही खोटं ठरेल.

भिंत मिस्त्रींनी त्याच दिवशी भरली. सिमेंट कालवायला उत्तरेश्वरराव स्वतः बसले होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर आले. या वेळी त्यांनी दाराची कडी वाजवली आणि आतून 'या' येईपर्यंत थांबले. सृष्टी त्यांना बघून आईच्या मागं लपली. तिची भीती जायला महिना गेला. त्या महिन्यात ते तिच्यापुढं एकदाही मोठ्यानं बोलले नाहीत. समोर बसायचे, ओठ नीट दिसतील असं तोंड करायचे आणि सोलापूरच्या बाईंची रीत महेश्वरीनं दाखवली होती तसं म्हणायचे, "चप्पल. पंखा. भाकरी." दुकानात मोठमोठ्यानं बोलून जन्म गेलेल्या माणसाला ते फार जड जायचं.

पुढल्या वर्षी विरेशची बदली परंड्याला झाली. सामान खाली टेम्पोत गेल्यावर उत्तरेश्वररावांनी रिकामं घर पाहिलं. भिंतीला एक भोक नव्हतं, एक डाग नव्हता. या घरात वर्ष-दीड वर्ष एक शाळा भरत होती, असं सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. टेम्पोच्या दारात सृष्टी त्यांना म्हणाली, "काका, या हं आमच्याकडं." वाक्य सबंध होतं. ते फाटकापाशी उभे राहिले आणि टेम्पो दिसेनासा झाल्यावर उपरण्यानं डोळे पुसत आत गेले.

वाचकहो, भाड्याच्या घराची भिंत जपणं हे भाडेकरूचं कर्तव्यच आहे. त्यात सवलत मागू नका; आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाचं ते देणं असतं. दोरी, पडदा, शिडी, चिमटे, थोडी कल्पना, एवढ्यावर घर सजतं. पण मालक म्हणून मिरवणाऱ्यांनो, तुम्हीही एक ध्यानात ठेवा! घर भाड्यानं देताना तुम्ही दगड-विटा देत नाही. माणसाला राहायला जागा देता. तिथं त्याला हसता आलं पाहिजे, त्याच्या लेकराला बोलता आलं पाहिजे, आणि आपलं दुखणं तुमच्यापासून लपवावं लागता कामा नये. कायमचं नुकसान, कायमचं नुकसान म्हणून आपण ज्याला घाबरतो, ते भिंतीचं कधीच होत नाही. पडलेलं भोक पसाभर सिमेंटनं भरतं, निघालेला रंग दोन हातांत पुन्हा चढतो. शिकण्याच्या वयात अडवलेलं मूल मात्र कुठल्याच मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही.